कर्जात बुडाल्यावर खातं अडकतं तेव्हा : आधी पासबुक, मग अर्ज, मग वकील

२०२२ च्या सुरुवातीला कापसानं दहा हजारांचा भाव ओलांडला, तेव्हा चोपडा-अमळनेर पट्ट्यात खेडा खरेदी करणारे, म्हणजे गावोगाव जाऊन शेतकऱ्याच्या दारातच कापूस घेणारे, आम्ही सगळेच हवेत होतो. पुढच्या हंगामात घरात भरून ठेवलेला कापूस भाव उतरता उतरता विकावा लागला. शेतकऱ्यांचे पैसे चुकते केले, बँकेचे राहिले. कर्जखातं थकीत झालं आणि एका सकाळी माझं बचत खातंही बंद पडलं. बायकोच्या औषधाला साडेसातशे रुपये हवे होते. पासबुकात अकरा हजार दिसत होते, एटीएम शंभरची नोटही देईना.

ते खातं सुटायला मला चार महिने लागले. आज तेच काम आठवड्याभरात होतं, कारण कुठल्या क्रमानं जायचं ते आता कळलंय. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक पिशवीत कागद घेऊन येतात. कोणाची केळी वादळात आडवी झालेली असते, कोणाची दालमिलमधली नोकरी गेलेली असते, कोणी भावाला जामीन राहिलेला असतो. खात्याचं दुखणं मात्र बहुतेक वेळा एकच.

लक्षणं

- पासबुकात शिल्लक आहे, पण एटीएम किंवा यूपीआय "पुरेशी रक्कम नाही" म्हणतं.
- पैसे जमा होतात, निघत नाहीत.
- मजुरी, पगार किंवा अनुदान जमा झालं की त्याच दिवशी कर्जखात्यात वळतं होतं.
- दर महिन्याला २९५ किंवा ५९० रुपये कापले जातात आणि कशाचे ते कोणी सांगत नाही.
- नवीन खातं उघडायला गेलं की "तुमचं सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब आहे" म्हणून परत पाठवतात.
- कर्ज मिटवून वर्ष झालं, तरी सिबिलमध्ये बाकी दिसते.

यातलं एक जरी दिसलं तरी पहिलं काम फुकटचं आहे : त्या खात्यात आणखी पैसा टाकू नका. "थोडे भरले तर चालू होईल" असं काउंटरवर कोणी सहज बोलून जातं आणि माणूस उसनवार करून भरतो. पारोळ्याकडच्या एका मावशींनी असेच तीन हजार भरले आणि संध्याकाळी माझ्यासमोर पासबुक धरून विचारलं, "भाऊ, मना पैसा कथा ग्यात?" कर्जखात्यात गेले होते. ते परत येत नाहीत.

१. पासबुक छापून आणा आणि शब्द वाचा

मोबाइलवरची शिल्लक पुरत नाही. बँकेत जाऊन शेवटच्या सहा महिन्यांच्या नोंदी छापून घ्या. कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे इंग्रजीत आखूड नोंद असते. एनएसीएच किंवा ईसीएस रिटर्न असं असेल, तर हप्ता आपोआप कापायचा प्रयत्न झाला, शिल्लक नव्हती म्हणून तो परतला, आणि त्याचा दंड लागला. २५० वर १८ टक्के जीएसटी धरला की २९५ होतात, ५०० वर ५९०. लोन रिकव्हरी असं असेल तर बँकेनं स्वतःहून रक्कम वळवली.

मग खिडकीवर एवढंच विचारा : "एकूण शिल्लक किती, आणि त्यातली काढता येण्याजोगी किती?" दोन आकड्यांतला फरक म्हणजे अडकवलेली रक्कम. याला बँकेत लीन किंवा होल्ड म्हणतात. फक्त पैसे निघणं बंद असेल तर डेबिट फ्रीझ, येणं-जाणं दोन्ही बंद असेल तर पूर्ण फ्रीझ. ही तीन दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी, म्हणून नेमका शब्द वहीत लिहून आणा.

२. केवायसी बघा

कर्जात असलेल्या माणसाला वाटतं की जे काही होतंय ते कर्जामुळेच. कितीतरी वेळा खातं नुसत्या केवायसीवर, म्हणजे ओळख-पत्त्याच्या कागदांवर, अडकलेलं निघतं. बँकेला ठरावीक वर्षांनी कागद नव्यानं घ्यावे लागतात, आणि थकबाकीदार माणूस साहेबांच्या नजरेला नजर नको म्हणून शाखेत जायचंच सोडतो. नोटीस येते, उघडली जात नाही, खातं थांबतं. आधार, पॅन, फोटो आणि फॉर्म दिला की काम होतं. दोन वर्षं व्यवहारच केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. ते पुन्हा चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही.

३. आपोआप कापले जाणारे हप्ते थांबवा

बुडालेल्या धंद्याचे, मोबाइलच्या हप्त्याचे, कुठल्याशा ॲपवरून घेतलेल्या कर्जाचे आदेश खात्यावर जिवंत असतात. दर महिन्याला ते येऊन आपटतात आणि दंड लावून जातात. अशा आदेशाला बँकेत मॅन्डेट म्हणतात. शाखेत चालू मॅन्डेटची यादी मागा, नको ते रद्द करायचा अर्ज द्या. यूपीआय ॲपमधला ऑटोपेही तपासा. मॅन्डेट रद्द केल्यानं कर्ज माफ होत नाही, फक्त दंडाचा डोंगर थांबतो. कर्ज देणाऱ्यालाही लेखी कळवा, कारण असा हप्ता परतला तर चेक परतल्यासारखाच फौजदारी दावा लागू शकतो.

दोन मॅन्डेट मात्र मोडू नका : जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये. हे मे महिन्याच्या अखेरीस कापले जातात. खातं अडकलं असेल तर हप्ता जात नाही आणि विमा बंद पडतो. कर्जातल्या घराला या विम्याची सर्वांत जास्त गरज असते. चालू खात्यावर तो लगेच नव्यानं सुरू करून घ्या.

४. कुलूप कोणी लावलं ते लेखी विचारा

इथं बहुतेक जण चुकतात. शाखेत जाऊन भांडतात, हात जोडतात, ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन लावतात. कुलूप कोणाचं हे मात्र कोणीच विचारत नाही. कोऱ्या कागदावर, साध्या मराठीत एवढं लिहा :

"माझ्या बचत खात्यातून अमुक तारखेपासून पैसे निघत नाहीत. खात्यावर होल्ड किंवा फ्रीझ कोणत्या तारखेला, किती रकमेसाठी आणि कोणाच्या आदेशावरून लावला ते मला लेखी कळवावं आणि आदेशाची प्रत द्यावी. या खात्यात माझी मजुरी जमा होते आणि घरखर्च त्यावर चालतो."

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच दिल्याशिवाय खिडकी सोडू नका. देत नसतील तर समोरच्या पोस्टातून स्पीड पोस्टानं, पोच पावती घेऊन पाठवा. ही तारीख पुढे लागते, कारण आठव्या पायरीतल्या तक्रारीचे तीस दिवस तिथूनच मोजले जातात.

उत्तर साधारण पाचपैकी एक येतं.

*बँकेनं स्वतःच्या कर्जासाठी अडवलं.* भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ प्रमाणे बँकेला तिच्याकडच्या तुमच्या पैशावर हक्क सांगता येतो. त्यामुळे "बेकायदा आहे" म्हणून आरडाओरड करून हाती काही लागत नाही. पण तो हक्क ज्याचं कर्ज त्याच्याच पैशावर चालतो. रावेर तालुक्यातल्या एका मुलाचं खातं वडिलांच्या पीककर्जासाठी होल्ड केलं होतं. वडील वारले होते. हा कर्जदार नव्हता, सहकर्जदार नव्हता, जामीनदारही नव्हता. वारसाची जबाबदारी वडिलांकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्याच्या स्वतःच्या पगारावर ती येत नाही. कर्जाच्या करारपत्राची प्रत मागितली, त्यात मुलाची सही कुठंच नव्हती. आठव्या दिवशी होल्ड निघाला. म्हणून करारपत्राची प्रत मागाच, आणि तुमची सही कशावर आहे ते डोळ्यांनी बघा.

*न्यायालयाची जप्ती.* दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचून घ्या किंवा कोणाकडून वाचवून घ्या. मजुराची मजुरी जप्त करता येत नाही. सरकारी निवृत्तिवेतन करता येत नाही. भविष्य निर्वाह निधी, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी यांना हात लावता येत नाही. साध्या दिवाणी हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश सुरक्षित असतात. १६,००० पगार असेल तर ११,००० घरी, ५,००० पर्यंत जप्ती. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपल्यावर सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराच्या, हातात एकरकमी हिशोब येतो आणि मालक तो खात्यावर टाकतो. तो पैसा मजुरीचा आहे हे दाखवायला मालकाकडून लेखी चिठ्ठी घ्या. एवढ्या कागदाअभावी वर्षाची कमाई अडकलेली मी पाहिली आहे.

*जीएसटी किंवा आयकर.* धंदा बंद केला पण जीएसटी नोंदणी रद्द केली नाही, विवरणपत्रं थकली आणि विभागानं थेट बँकेला पत्र दिलं, असं खेडा खरेदीवाल्यांत आणि छोट्या दुकानदारांत होतं. इथं बँकेशी बोलून उपयोग नाही. कर सल्लागाराला गाठा.

*पतसंस्थेचा वसुली दाखला.* आपल्याकडं पतसंस्था गावोगाव. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली त्यांना वसुली दाखला मिळतो आणि त्यावर वसुली अधिकारी दुसऱ्या बँकेतलं खातंही अडवू शकतो. दाखल्यावर फेरतपासणी मागायची तर निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून १०१ ची नोटीस येते तेव्हाच हजर राहून हिशोबावर हरकत घ्या.

*सायबर पोलीस.* हे ऐकून माणसाच्या पायाखालची जमीन सरकते. कर्जात असलेल्या तरुणाला कोणीतरी गाठतं : "तुझं खातं दे, महिन्याला पाच हजार देतो, फक्त पैसे येतील-जातील." तो पैसा फसवणुकीचा असतो. मग दुसऱ्या राज्यातलं पोलीस ठाणं खातं गोठवतं आणि गुन्ह्यात नाव येतं. धुळ्याकडचा एक पोरगा एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दोन्ही देऊन बसला होता. त्याची आई माझ्या ओट्यावर बसून रडली, आणि त्यात मला काहीच करता आलं नाही, थेट वकिलाकडे न्यावं लागलं. पोराबाळांना आजच सांगा, खातं भाड्यानं द्यायची वस्तू नाही. तुमचा काही दोष नसताना फसवणुकीचा पैसा खात्यात आला असेल, तर १९३० वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तो खर्च करू नका.

५. रोजच्या पैशासाठी वेगळं खातं

जिथं कर्ज थकलंय त्या बँकेत मजुरी येऊ द्यायची नाही. दुसरीकडं साधं खातं उघडा. बचत खात्याला सिबिल लागत नाही, केवायसी लागते. बँकेत "मूलभूत बचत खातं" हेच शब्द वापरून मागा. जनधन हा त्याचाच प्रकार. किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्ड मोफत, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा.

मला पोस्ट जास्त भरवशाचं वाटतं. पोस्टाच्या बचत खात्याला ५०० रुपये लागतात. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते, पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो. पेमेंट्स बँकेला कर्ज द्यायची परवानगीच नाही, त्यामुळे तिथं तिच्या स्वतःच्या कर्जासाठी होल्ड लागण्याचा प्रश्न येत नाही.

खातं उघडल्यावर एक पायरी राहून जाते. पीएम किसानचे दोन हजार, लाडक्या बहिणीचे पंधराशे, हे पैसे आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं तिथंच जातात. नवीन खातं काढलं आणि आधार जोडणी जुन्या बँकेतच राहिली तर अनुदान परत त्याच विहिरीत. नव्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म वेगळा द्या आणि आठवड्यानं आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक दिसते ते बघा.

हे खातं मालमत्ता लपवण्यासाठी सांगत नाही. घरचं तेलमीठ, दवाखाना, पोरांची फी चालावी म्हणून सांगतो. न्यायालयात तुमची कारवाई चालू असेल तर हे खातंही तिथं उघड करायचं.

६. सिबिल दुरुस्ती

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट देतात. तो काढून एकेक ओळ बघा. "क्लोज्ड" म्हणजे पूर्ण फिटलं. "सेटल्ड" म्हणजे तडजोडीत कमी घेऊन मिटवलं. "रिटन ऑफ" म्हणजे बँकेनं आपल्या वहीतून काढलं, तुमच्या डोक्यावरून नाही. चूक असेल तर कंपनीकडं आणि बँकेकडं तक्रार टाका. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून आहे. "पंधरा हजारांत सिबिल क्लीन करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही.

७. तडजोड, आणि ती मिटल्यावरचे कागद

एकरकमी तडजोड करायची असेल तर बँकेचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय रुपया भरू नका. पत्रात रक्कम, शेवटची तारीख आणि खात्यावरचा होल्ड उठवण्याचा उल्लेख हवा. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात, आणि कर्ज मिटूनही बचत खातं महिनोन्‌महिने अडकून राहतं. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला (काही देणं बाकी नाही असं पत्र) घ्या. गहाण कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळायला हवीत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. तडजोडीनंतर त्या बँकेकडून किमान बारा महिने नवीन कर्ज मिळत नाही, शेतीकर्ज सोडून.

या मधल्या काळात सावकाराच्या ओट्यावर जाऊ नका. गेलाच असाल आणि तो विनापरवाना असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार होते.

८. तीस दिवस उलटले तर

बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. चौथ्या पायरीतली पोच जोडा. पतसंस्थेची तक्रार तिथं चालत नाही, ती तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील, शेजाऱ्यांना सांगत फिरत असतील, तर तारीख-वेळ लिहून तीही याच तक्रारीत घाला.

इथं थांबा, वकील गाठा

वरचं सगळं मी स्वतः करतो, लोकांना शिकवतो. पुढच्या गोष्टींना मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका :

चेक परतल्याची कलम १३८ ची नोटीस आली. हातात पंधरा दिवस असतात, एकही वाया घालवायचा नाही. घरावर किंवा दुकानावर सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, साठ दिवसांची नोटीस आली (शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, पण ते लेखी मांडावं लागतं). न्यायालयाचं समन्स किंवा जप्तीचा हुकूम आला. पोलिसांनी खातं गोठवलं.

आणि शेवटचं, स्वतःला दिवाळखोर जाहीर करून घ्यायचा विचार असेल तर. बोलताना आपण "दिवाळं निघालं" सहज म्हणतो, पण न्यायालयात जाऊन तसा हुकूम घेतलेला माणूस आपल्याकडं क्वचित भेटतो. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये सामान्य माणसासाठी अजून १९२० चाच प्रांतिक दिवाळखोरी कायदा आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. २०१६ चा नवा कायदा व्यक्तींपैकी फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झालाय. हुकूम झाला की तुमची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या (न्यायालयानं नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते. मुक्तता (दिवाळखोरीतून सुटल्याचा हुकूम) मिळेपर्यंत जे नव्यानं येईल त्यावरही त्यांचा हक्क असतो, म्हणून नवीन खातं उघडलं तर ते रिसीव्हरला आधी कळवायचं. आणखी एक कलम फार थोड्यांना माहीत आहे : मुक्तता मिळालेली नसताना, आपण दिवाळखोर आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर तो गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ५० रुपये, म्हणजे किराणा दुकानातली उधारीसुद्धा. असा हुकूम झालेल्या माणसानं रोजचा व्यवहार कसा करायचा, ते वकिलाकडून कागदावर लिहून घ्यावं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, फोन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

झोप उडाली असेल, घरात कोणाशी बोलणं सुटलं असेल, नको नको ते विचार येत असतील, तर कागद बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. खात्याचं काम चार दिवसांनी केलं तरी चालतं.

वकिलाकडे जाताना पिशवीत हे असू द्या : सहा महिन्यांचं छापील पासबुक, पोच असलेला अर्ज, बँकेचं उत्तर, करारपत्राची प्रत, आलेल्या सगळ्या नोटिसा पाकिटासकट. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे नोटीस कधी मिळाली त्याचा पुरावा.